मुलाकडचे होऊन बंगळूरला

बंगळूरला लोक बागा बघायला जातात, नाहीतर आयटीतल्या लेकाचा फ्लॅट बघायला. मी आणि माणिकदादा गेलो ते स्थळ बघायला. नवरदेव नव्हता, नोकरी होती. परत आल्यापासून जो तो विचारतोय, काय काय पाहिलंत, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

औशाजवळच्या आमच्या गावात मी शिवणवर्ग चालवते. माणिकदादा आमच्या गल्लीतले, लग्नाकार्याचे आचारी. त्यांची धाकटी सारिका माझ्या वर्गात शिकली, अजून तिथंच शिवते. बारावी झालेली, बोलायला तिखट, आणि कॉलर अशी बसवते की मीही गप्प बसते. दिवाळीनंतर गावात एक 'सर' आले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, मोबाईलमध्ये उंच इमारतींचे फोटो. बंगळूरला शिलाईचं काम, राहणं-खाणं तिकडेच. सारिका हटून बसली. "काकू, मी जाणार. इथं राहिले तर माझीबी रेखाताई करतील."

रेखा म्हणजे तिची थोरली बहीण, उदगीरकडच्या एका गावात दिलेली. तीही माझीच विद्यार्थिनी. लग्न झाल्यापासून सणाला येत नाही. फोन केला तर "बरं हाय" एवढंच, आणि फोन सदा स्पीकरवर, शेजारी सासूचा खोकला ऐकू येतो. माणिकदादा म्हणायचे, मोठं घर आहे, काम असतं. आम्हीही मान डोलवायचो.

मला 'सर' पसंत नव्हते. शेजारच्या गावची एक पोर अशाच कुणाबरोबर कारखान्यात म्हणून गेली आणि कुणाच्या तरी बंगल्यात धुणीभांडी करत कोंडलेली सापडली. आता घरी आहे, पण अजून कुणाकडे मान वर करून बघत नाही. मी सारिकाला "जाऊ नकोस" म्हणणार होते. माणिकदादांनी वेगळंच काढलं. म्हणाले, "ताई, पोरगी द्यायची तर घर बघून देताव आपण. मग नोकरीला देताना कामून न्हाई?" सरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, या की, अवश्य या. झालं, आम्ही निघालो.

यशवंतपूर

गाडीतलं काही सांगत नाही, गाडीत सगळेच झोपतात. बंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनवर सकाळी उतरलो तर हवा अशी गार की माणिकदादांनी मफलर काढून टोपीवरून बांधला. आमचा मुक्काम यमुनाअक्कांकडे होता. माझा भाचा निखिल सर्जापूर रोडला राहतो, पण त्यानंच सांगितलं, "मावशी, तू माझ्याकडे उतरलीस ना, तर तुझा अर्धा दिवस ट्रॅफिकमध्येच जाईल. माझ्या टीममधल्या एकाची आई यशवंतपूरलाच राहते. मराठीच आहेत. मी बोललोय, डोन्ट वरी."

मराठीच, पण चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेली. यमुनाअक्कांनी दार उघडून म्हटलं, "या की अण्णा, स्वल्प बसा. कापी घ्या, मग बोलूया." माणिकदादा माझ्याकडे बघायला लागले, ही बाई आपली की परकी. पण ताटाएवढी इडली आली, वर लोणी, बाजूला हिरवी चटणी, आणि माणूस लगेच आपलं झालं. सांबारात गूळ होता. माणिकदादांनी एक भुरका मारला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "आमटीत गूळ घालणारी माणसं वाईट नसतात." कॉफी मात्र त्यांना पटली नाही. एवढ्याशा वाटीत काय होतंय, म्हणाले, आणि तीनदा मागून घेतली. आमच्याकडच्या शेंगदाण्याच्या ठेच्याचा डबा मी अक्कांना दिला. त्यांनी चटणी समजून चमचाभर तोंडात टाकला आणि बराच वेळ नुसत्या पंख्याकडे बघत बसल्या.

सरांच्या ऑफिसला रिक्षानं निघालो, तर रिक्षावाल्यानं आम्हाला थेट कांद्याच्या बाजारात नेऊन उतरवलं. त्याची चूक नाही. धोतर, टोपी, मफलर बघून त्यानं ठरवलं की हा महाराष्ट्रातून कांदा घेऊन आलेला असणार. पत्ता दाखवलेला कागद त्यानं वाचलाही नाही. मी भडकले, पण माणिकदादा पोत्यांच्या रांगांतून असे फिरत होते की जत्रेत आलेत. एक कांदा फोडून वास घेतला आणि म्हणाले, "हा पंगतीला चालतोय." त्यांना तिथून ओढून काढावं लागलं.

मैसूरपाक

सरांचं ऑफिस चकाचक. गार हवा, मऊ खुर्च्या, आणि बशीत तुपानं ओथंबलेला मैसूरपाक. माणिकदादा खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि त्यांनी हात जोडले. ते हात शेवटपर्यंत सुटले नाहीत. मैसूरपाकाला बोट लावलं नाही, कॉफी नाही, पाणीसुद्धा नाही. माझ्या कानात म्हणाले, "पोरीच्या घरचं पाणी कसं प्यायचं?" त्यामुळे दोन्ही कप मला प्यावे लागले.

सर म्हणाले, होस्टेल एकदम घरासारखं. खिडकीतून बोट दाखवलं, ती बघा, गल्लीच्या टोकाची हिरवी बिल्डिंग. आत्ता मुली ड्युटीवर आहेत, कुलूप असतं, नाहीतर लगेच दाखवलं असतं. आम्ही म्हटलं, असू द्या, असू द्या. निघताना माणिकदादा म्हणाले, "पोरगी जरा तोंडाळ हाय, पण कामाला वाघ हाय. पदरात घ्या." सर म्हणाले, काळजीच नको. आम्ही खूश होऊन परतलो. मला तर वाटलं, उगाच संशय घेतला बिचाऱ्याचा.

संध्याकाळी यमुनाअक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांची सगळी नोकरी एका शिलाई कारखान्याच्या ऑफिसात गेलेली. त्यांनी सहज विचारलं, "मग? एका खोलीत किती मुली? फोन कुणाजवळ असतो? आणि रात्री दाराची कडी कोण लावतं, आतली मुलगी की बाहेरचा माणूस?"

यातलं आम्ही काहीच विचारलं नव्हतं.

"मग बघून काय आलात?"

"मैसूरपाक," मी म्हटलं.

अक्का हसल्या, मी मात्र हसले नाही. मला माझाच राग आला. इतकी वर्षं पोरींना सांगते, कापड हातात घेऊन, उलटं करून बघा, आणि स्वतः नुसत्या काठावर भुलले. रागातच मला उमगलं की चुकलं कुठे. आम्ही मुलीकडचे होऊन गेलो होतो. आमच्याकडे मुलीकडच्यांना खोड लागलेली असते. ते घर बघायला जातात आणि घर सोडून सगळं बघतात. समोरच्यानं बसा म्हटलं की बसतात, छान आहे म्हटलं की छान म्हणतात. विचारलं तर स्थळ मोडेल, या भीतीनं जीभ टाळूला चिकटलेली. आणि मुलाकडचे? ते आल्या आल्या पंखा लावायला सांगतात, पोह्यात मीठ कमी म्हणतात, मोरीपर्यंत जाऊन येतात, आणि तरी त्यांना कुणी आगाऊ म्हणत नाही.

"दादा," मी म्हटलं, "उद्या आपण मुलाकडचे."

त्यांना ते लगेच पटलं, पण जमेना. अक्कांच्या सोफ्यावर बसवून त्यांची तालीम घेतली. पायावर पाय टाकायला सांगितला तर ते पुन्हा पुन्हा खाली घेत. शेवटी एकदाचे रेलून बसले, चष्मा नाकावर ओढला आणि अक्कांना म्हणाले, "तुमच्याकडचं पाणी लईच सपक हाय." अक्का म्हणाल्या, "सरी, बरोबर. आता जमलं."

हिरवी बिल्डिंग

दुसऱ्या दिवशी रविवार. कुणाला न कळवता तिघं त्या गल्लीत गेलो. रविवार म्हणजे ड्युटी नाही, तरी लोखंडी दाराला बाहेरून कुलूप होतं. वर गजांमागे ओढण्या वाळत होत्या आणि त्यांच्यामधून एक चेहरा बघत होता. अक्का कन्नडमध्ये काही बोलल्या, मग मी मराठीत बोलले, तसा तो चेहरा एकदम पुढे आला.

"मावशी, तुम्ही मराठी? मी नांदेडची."

मी विचारलं, कुलूप कशाला? ती म्हणाली, सदाच असतं. कारखान्यात गाडीनं नेतात, गाडीनं आणतात. आधार कार्डं सरांकडे आहेत. घरी जायचं म्हटलं की पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. मग घरचे काही विचारत नाहीत का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "रविवारी फोन देतात की. मॅडमसमोर, स्पीकरवर. बरं हाय म्हणायचं आणि ठेवायचा."

"स्पीकरवर?" माणिकदादांनी विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "स्पीकरवरच देतेत?"

तेवढ्यात वॉचमन आला. काल हात जोडून बसलेले माणिकदादा त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आम्ही घर बघायला आलाव. उघडा." तो हिंदीत म्हणाला, सरांना विचारा. माणिकदादा म्हणाले, "बोलवा त्यांना. आम्ही इथंच बसताव." आणि ते खरंच पायरीवर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले.  अक्का चार पावलं बाजूला जाऊन महिलांच्या हेल्पलाइनला फोन करत होत्या, शांतपणे, घराजवळची खूण वगैरे सांगत.

सर आले तेव्हा त्यांचा गोडवा संपला होता. मुलींच्या सुरक्षेसाठीच कुलूप आहे म्हणाले, मग तुम्ही कोण विचारणारे म्हणाले, मग अक्कांच्या हातातला फोन बघून गप्प झाले. दुपारी हेल्पलाइनच्या बाई पोलिसांना घेऊन आल्या आणि कुलूप उघडलं.

त्यानंतरचं मी विसरणार नाही. मला वाटलं होतं, पोरी रडतील, धावत सुटतील. नांदेडची खाली आली, दारात जरा थांबली, समोरच्या टपरीवर गेली आणि शाम्पूची पुडी घेऊन आली. एवढंच. परत येताना ती हसत होती, आणि मीच रस्त्यात उभी राहून पदरानं डोळे पुसत होते. कार्डं त्यांना मिळाली. काही पोरी घरी गेल्या, काहींना हेल्पलाइनच्या बाईंनी दुसरीकडे जागा बघून दिली. सरांचं प्रकरण पोलिसांत आहे. पुढचं मला माहीत नाही, माहीत नाही ते लिहिणार नाही.

सारिकाला फोनवर सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी आता कुठंच जायचं न्हाई का?" तिचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता. मला खरं तर हो म्हणायचं होतं. माझ्या हातातून माणिकदादांनी फोन घेतला. "एक स्थळ मोडलं म्हणून पोरीला घरात ठेवतेत का? अजून एक घर बघायचंय. थांब."

दुसरं स्थळ

हेल्पलाइनच्या बाईंनीच एका कारखान्याचं नाव सांगितलं. तुमकूर रस्त्याच्या बाजूला, स्वतःचं होस्टेल. दुसऱ्या दिवशी पोरी कामावरून परतायच्या वेळेला गेलो. वॉर्डन हुबळीकडच्या, धिप्पाड, थोडं मराठी समजणाऱ्या. त्यांनी पाणी पुढे केलं. माणिकदादांनी ग्लास घेतला, उजेडात धरून बघितला आणि घटाघटा पिऊन टाकला. मी बघतच राहिले. म्हणाले, "आज मी मुलाकडचा हाय, चालतंय."

मग जे काही सुरू झालं ते विचारू नका. नळ सोडून बघितले. पंखे लावून बघितले. गादी दाबली, खिडकी उघडली, संडासाच्या दारापर्यंत गेले आणि मला आत पाठवलं. कार्ड कुणाजवळ राहतं? मुलींजवळ, प्रत्येकीचं कपाट, प्रत्येकीची किल्ली. फोन? मुलींजवळ. सुटीच्या दिवशी बाहेर? नाव सांगून जायचं, अंधार पडायच्या आत यायचं. वॉर्डन शेवटी वैतागल्या, "तुम्ही इन्स्पेक्टर आहात काय हो?"

"न्हाई," माणिकदादा म्हणाले. "आचारी हाव."

शेवटी आली कडी. खोलीच्या दाराला आतून होती. बाहेरच्या बाजूला कोयंडासुद्धा नव्हता, त्यांनी हात फिरवून खात्री केली. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून स्वतः आत गेले, दार लावलं आणि कडी घातली. बराच वेळ बाहेर येईनात. आतून खडखड ऐकू आली. मग आवाज आला, "ताई, कडी आतूनच हाय. लई पक्की हाय. निघंना."

मुलींच्या होस्टेलात एक धोतरवाला म्हातारा अडकला, हे बघायला सगळा मजला गोळा झाला. कुणी खोबरेल आणलं, कुणी फटीतून फूटपट्टी सरकवली. वॉर्डन कपाळ धरून उभ्या होत्या आणि पोरी हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. मी हसता हसता बघत होते की पोरी वॉर्डनला न भिता हसतायत. दादा सुटले तेव्हा घामेघूम झाले होते, पण चेहरा असा खुललेला की पंगत उठल्यावरच तसा दिसतो. बाहेर येऊन म्हणाले, "कडीला तेल घालत जावा."

स्वयंपाकघरात कलबुर्गीचा आचारी निघाला. दोन आचारी भेटले की भाषा लागत नाही. तो रविवारी ज्वारीच्या भाकरी करतो, हे कळल्यावर माणिकदादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मांडी घालून जेवायलाच बसले. सार पातळ होतं, हे त्याला सांगितलंही. त्यानं ऐकून घेतलं आणि वर पापड वाढला.

तिथल्या एका मुलीनं जिन्यात एकटीनं बसून सारिकाशी फोनवर गप्पा मारल्या. आम्ही मुद्दाम लांब उभे राहिलो. मग मी सारिकाला दोषही सांगितले. पंखा आवाज करतो, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, काम उभ्यानं आहे. "आता तू सांग," मी म्हटलं. ती म्हणाली, "येते मी. पण काकू, कडीला तेल घातलं का?" बातमी तिथपर्यंत पोचली होती.

उदगीर

निघताना यमुनाअक्कांनी इडल्या बांधून दिल्या आणि ठेच्याचा रिकामा डबा धुऊन, त्यात मैसूरपाक भरून दिला. म्हणाल्या, "हा आमच्या घरचा, यात भ्यायचं काही नाही." सारिका आली की दर रविवारी तिला बघून येणार, हेही त्यांनीच सांगितलं, मला मागावं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात ती निघणार होती. मी अगदी निवांत होते. एवढं धड काम हातून झालं की माणसाला झोप छान लागते.

सकाळी बिदर गेलं तेव्हा माणिकदादा जागेच होते. चहा आणला तो त्यांच्या हातातच गार झाला. मी म्हटलं, सारिकाची काळजी वाटते का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"ताई, त्या हिरव्या बिल्डिंगीतली पोर काय म्हणली? बरं हाय म्हणायचं आणि ठेवायचा."

"हो."

"रेखाबी तेच म्हणती." ते खिडकीबाहेर बघत होते. "तिचं घर बघायला मी गेलतो. हात जोडून बसलो आणि उठून आलो. पोरीच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई म्हणून पुन्हा गेलोच न्हाई. तिच्या खोलीला कडी कुठल्या अंगानं हाय, मला ठावं न्हाई."

 आम्ही सगळेच इतकी वर्षं मान डोलवत होतो.  मैसूरपाकाचा डबा तेवढा मी त्यांच्या पिशवीत ठेवला. उदगीर आलं. त्यांनी टोपी नीट केली, मफलर सोडून पिशवीत कोंबला आणि म्हणाले, "मी इथंच उतरतो." मी विचारलं, सोबत येऊ का? म्हणाले, "नगं. आता जमतंय मला." फलाटावरून ते चालत गेले ते मुलाकडच्यांसारखे, छाती काढून.

मी घरी पोचले, वर्ग उघडला, मशीनवरची धूळ पुसली. कशातच लक्ष लागत नव्हतं. दुपार टळल्यावर त्यांचा फोन आला. मागे एसटी स्टँडाचा गलका होता.

"पाणी प्यालो तिच्या घरी," ते म्हणाले. "आधी प्यालो, मग विचारलं."

"आणि कडी?"

"बाहेरून हाय."

 मग ते म्हणाले, "आम्ही दोघं येतो संध्याकाळच्या गाडीनं. ती हितं बाकड्यावर बसलीय, मैसूरपाक खायलीय. ताई, तुमच्या वर्गात एखादं मशीन रिकामं असंल का?"

समोर सारिकाचं मशीन होतं, पुढच्या आठवड्यात रिकामं होणारं. मी म्हटलं, "हाय की, दादा. या तुम्ही." मग उठले आणि त्याला तेल घालायला बसले.